शिल्लक १८,८०० ने चुकते: घरगुती हिशेबाच्या एका फाइलची तपासणी

३१ मार्चच्या बँक स्टेटमेंटवर शिल्लक होती ७१,३५०. ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये त्याच खात्यावर, त्याच तारखेला, ९०,१५०. एवढ्यावर भागले असते तर एखादी नोंद राहिली असेल म्हणता आले असते. पण क्रेडिट कार्डाच्या बिलात ९,८६० देणे असताना पुस्तकातले कार्ड खाते लाल अक्षरांत उणे २,१४० दाखवत होते. रोख खाते उणे ४,२०० वर गेले होते. आणि खात्यांच्या यादीत तळाशी ‘इम्बॅलन्स’ नावाचे, कोणीही न उघडलेले एक खाते आपोआप उगवले होते, त्यात ६,२४०.

फाइल एका पगारदार बाईंची. व्याप मोठा नाही: एक बचत खाते, एक कार्ड, वाहनासाठी घेतलेले एक कर्ज आणि पाकिटातली रोकड. आधी त्या स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात खर्च लिहायच्या. जानेवारीपासून ग्नूकॅश घेतले. हा मोफत आणि मुक्त प्रोग्राम लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तिन्हींवर चालतो आणि घरचा हिशेबसुद्धा द्विनोंदी पद्धतीनेच ठेवायला लावतो. प्रत्येक रकमेला किमान दोन खाती लागतात, रक्कम आली कुठून आणि गेली कुठे. जानेवारीत त्यांनी बँकेची आणि कार्डाची अशा दोन्ही सीएसव्ही फाइली (व्यवहारांच्या साध्या मजकुरातल्या याद्या) इम्पोर्ट केल्या, म्हणजे प्रोग्राममध्ये थेट आत घेतल्या. आकडे विचित्र दिसू लागल्यावर इम्पोर्टवरचा विश्वास उडाला, म्हणून फेब्रुवारी आणि मार्चच्या नोंदी हाताने घातल्या. ही माहिती पुढे फार उपयोगी पडली, कारण इम्पोर्टच्या चुका आणि हाताच्या चुका यांची जात वेगळी असते.

बाईंचे निदान असे होते: “कार्ड कंपनीच मला देणं लागते असं दाखवतंय. प्रोग्रॅममध्येच कुठेतरी प्लस-मायनस उलटं पडलंय.” म्हणून त्यांनी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन शिलकीचे चिन्ह कसे दाखवायचे हा पर्याय बदलला होता. त्याने कार्डावरचा लाल रंग गेला, २,१४० सरळ दिसू लागले, पण पगाराचे खाते उणे झाले. तेव्हा त्यांचा संशय अधिकच पक्का झाला. शेवटचा उपाय म्हणून भांडवल खात्याला (आरंभीच्या शिलका ज्याच्यासमोर लिहिल्या जातात ते खाते) १८,८०० ची एक ‘समायोजन’ नोंद टाकून मोकळे व्हायचे त्यांनी ठरवले होते.

ती नोंद टाकू दिली नाही. तिने बँक खाते त्या दिवसापुरते जुळले असते, हे खरे. पण १८,८०० हा एका चुकीचा आकडा आहे की चार चुकांची बेरीज, हे तेव्हा ठाऊक नव्हते. चार चुका असतील तर त्यांतली प्रत्येक आणखी कुठल्या तरी खात्यातही बसलेली असणार, कारण प्रत्येक नोंदीला दुसरी बाजू असते. फरक म्हणजे पुरावा असतो आणि समायोजनाची नोंद तो पुरावा पुसून टाकते.

आधी फाइल तरी तीच आहे का

कुठल्याही दुरुस्तीआधी फाइलची प्रत काढून बाजूला ठेवली. हे करताना एक उपप्रकरण निघाले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टाकलेल्या काही नोंदी मध्यंतरी ‘गायब’ झाल्या होत्या आणि त्यांनी त्या पुन्हा टाकल्या होत्या. ग्नूकॅश प्रत्येक वेळी सेव्ह करताना मूळ फाइलशेजारी आधीच्या अवस्थेची एक प्रत ठेवतो. तिच्या नावात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असे सलग चौदा आकडे असतात. बाईंनी फोल्डरमधून एकदा चुकून अशीच एक प्रत उघडली आणि पुढे तिच्यातच काम केले. नोंदी कुठे गेल्या नव्हत्या, त्या दुसऱ्या फाइलमध्ये होत्या. खिडकीच्या शीर्षपट्टीवर फाइलचे नाव दिसते. त्यात लांबलचक आकडे असतील तर आपण प्रतीत आहोत. दोन्ही फाइली ताडून पाहिल्या, नोंदी सारख्याच होत्या, त्यामुळे चालू फाइल नीट नाव देऊन कायम केली. या भानगडीचा १८,८०० शी संबंध नव्हता.

चिन्हाचा पर्याय मूळ जागी आणला. तो फक्त दाखवण्यापुरता असतो. आत साठवलेल्या रकमांना तो हात लावत नाही, त्यामुळे त्याने काही बिघडतही नाही आणि दुरुस्तही होत नाही. मूळ मांडणीत देणी, भांडवल आणि उत्पन्न या खात्यांची शिल्लक उलट्या चिन्हाने दाखवली जाते, म्हणजे माणसाला कर्ज ‘दोन लाख’ असे सरळ वाचता येते, उणे दोन लाख असे नाही. कार्डावर लाल उणे २,१४० दिसत होते याचा अर्थ या मांडणीत एकच होतो: पुस्तकाच्या मते बाईंनी कार्डाला देण्यापेक्षा २,१४० जास्त दिले आहेत. प्रोग्राम बरोबर बोलत होता. त्याला सांगितलेले खोटे होते.

नावे, जमा आणि बँकेची बाजू

इथे थोडे थांबावे लागले. बाईंच्या मनात डेबिट म्हणजे पैसे गेले आणि क्रेडिट म्हणजे पैसे आले असे घट्ट बसलेले होते. बहुतेकांच्या मनात तसेच असते, कारण बँक रोज तीच भाषा ऐकवते: खाते डेबिट झाले असा निरोप आला की शिल्लक कमी.

पण बँक तिच्या पुस्तकातून बोलते. आपण बँकेत ठेवलेले पैसे हे बँकेचे आपल्याला असलेले देणे. पगार जमा झाला की बँकेचे देणे वाढते आणि देणे वाढले की ते जमा, म्हणजे क्रेडिट, बाजूला जाते. म्हणून स्टेटमेंटवर क्रेडिट. तेच पैसे आपल्या पुस्तकात आपली मालमत्ता आहेत, आणि मालमत्ता वाढली की ती नावे, म्हणजे डेबिट, बाजूला लिहिली जाते. म्हणजे आपल्या बँक खात्यात पगार डेबिटला पडतो, उत्पन्न खात्यात क्रेडिटला. दोन्ही पुस्तके बरोबर आहेत आणि दोन्ही एकमेकांची उलट आहेत. असेच असायला हवे.

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना तीन सोनेरी नियम तोंडपाठ असतात: घेणारा नावे, देणारा जमा; येते ते नावे, जाते ते जमा; खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. नियम चुकीचे नाहीत, पण आधी खाते व्यक्तिगत, वास्तव की नामधारी हे ठरवावे लागते आणि घरगुती सॉफ्टवेअरमध्ये खाते उघडताना तो प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे पाच प्रकार असतात: मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. माझ्या मते नवशिक्याने एवढेच धरून चालावे की मालमत्ता आणि खर्च नावे बाजूने वाढतात, बाकीचे तिन्ही जमा बाजूने वाढतात, आणि उलट बाजूला लिहिले की प्रत्येक खाते घटते. डेबिट आणि क्रेडिट या वहीच्या डाव्या-उजव्या बाजू आहेत. चांगले-वाईट, आले-गेले यांतले काही त्यांत शोधू नये.

ग्नूकॅश नवख्याला सोपे जावे म्हणून रकान्यांना डेबिट-क्रेडिट म्हणतच नाही. बँक खात्यात डिपॉझिट आणि विथड्रॉअल, कार्डात पेमेंट आणि चार्ज, खर्चात एक्स्पेन्स आणि रिबेट. खाते बदलले की शीर्षके बदलतात. हेतू चांगला आहे, पण पुस्तक न जुळणाऱ्या माणसाला ही सोय अडचणीची होते, कारण एकाच नोंदीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या भाषा लागतात. प्रेफरन्सेसमध्ये ‘फॉर्मल अकाउंटिंग लेबल्स’ असा पर्याय आहे. तो चालू केला की सगळीकडे डेबिट आणि क्रेडिट दिसते. डावा रकाना पहिल्यापासून डेबिटचाच होता, शीर्षक काहीही असो. बाईंच्या फाइलमध्ये हा पर्याय चालू केला आणि पुढची सगळी तपासणी तशीच केली.

फरक महिन्या-महिन्याने मोजला

हिशेबनिसांच्या दोन जुन्या युक्त्या आहेत. फरकाचे निम्मे करून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची. सापडली तर ती उलट्या बाजूला पडलेली असू शकते, कारण चुकीच्या बाजूला टाकलेली रक्कम दुप्पट फरक पाडते. आणि फरकाला नऊने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याचा संशय धरायचा. ४७ च्या जागी ७४ लिहिले तर फरक २७. शेजारच्या कुठल्याही दोन अंकांची अशी अदलाबदल केली की फरक त्या अंकांमधल्या वजाबाकीच्या नऊपट येतो, आणि अंक दशक-शतकाच्या पुढचे असतील तर त्याच्या दहापट, शंभरपट असा.

१८,८०० वर दोन्ही युक्त्या वाया गेल्या. निम्मे ९,४००, तशी नोंद नाही. अंकांची बेरीज १७, म्हणजे नऊने भाग जात नाही. या युक्त्या एकच चूक शिल्लक असेल तेव्हा चालतात. चुका एकमेकींत मिसळल्या की उरलेला आकडा कशाचाच राहत नाही. म्हणून आधी फरकाचे तुकडे करायला हवे होते, आणि तुकडे तारखेने पडतात. प्रत्येक महिनाअखेरची बँकेची शिल्लक आणि पुस्तकातली शिल्लक शेजारी मांडली:

१ जानेवारीच्या सुरुवातीला पुस्तक ३५,५०० ने जास्त
जानेवारीअखेर २३,५०० ने जास्त
फेब्रुवारीअखेर २०,६०० ने जास्त
मार्चअखेर १८,८०० ने जास्त

म्हणजे फरक एक नव्हता, चार होते: सुरुवातीचे अधिक ३५,५००, मग जानेवारीत उणे १२,०००, फेब्रुवारीत उणे २,९०० आणि मार्चमध्ये उणे १,८००. आता प्रत्येक तुकडा आपापल्या महिन्यात शोधायचा.

पहिला सर्वांत सोपा निघाला, कारण बँक खात्याच्या रजिस्टरमध्ये चालू शिलकीचा रकाना असतो आणि ३१ डिसेंबरच्या ओळीवर तिथे ३५,५०० लिहिलेलेच होते. बाईंनी १ जानेवारीची आरंभीची शिल्लक ६०,००० म्हणून नोंदवली होती. त्या शिलकीच्या आधी खात्यात काहीच असायला नको. पण बँकेकडून उतरवलेली सीएसव्ही फाइल २५ डिसेंबरपासून सुरू होत होती. तिच्यात डिसेंबरचा ४२,००० पगार आणि ६,५०० चे भाडे होते. ते दोन्ही व्यवहार ६०,००० मध्ये आधीच धरलेले, त्यामुळे त्यांचा निव्वळ परिणाम दुसऱ्यांदा मोजला गेला. डिसेंबरच्या दोन्ही नोंदी काढून टाकल्या. दुसरा मार्ग म्हणजे आरंभ २५ डिसेंबरला नेऊन रक्कम २४,५०० करायची. तोही बरोबर ठरला असता, पण पुस्तक जानेवारीपासूनचे आहे आणि कार्ड-कर्जाच्या आरंभीच्या शिलकाही त्याच तारखेच्या आहेत, तेव्हा एक तारीख सगळ्यांना बरी. गंमत अशी की या चुकीचा जानेवारी ते मार्चच्या उत्पन्न-खर्चाच्या अहवालावर काडीचा परिणाम नव्हता. अहवाल फक्त त्या तीन महिन्यांतल्या नोंदी घेतो, आणि नको असलेला पगार डिसेंबरमध्ये बसला होता. म्हणूनच ‘अहवाल तर ठीक दिसतोय’ असे बाई वारंवार सांगत होत्या.

जानेवारीच्या १२,००० नी थोडी दिशाभूल केली. निम्मे ६,०००, आणि त्या महिन्यात एटीएममधून काढलेली नेमकी ६,००० ची नोंद होती. ती उलटी पडली असेल असे वाटून पाहिले, नव्हती. निम्मे करण्याआधी खरे तर फरकाचीच रक्कम शोधायला हवी, कारण दुबार नोंद तेवढाच फरक पाडते. १२,००० चे कार्डाचे बिल जानेवारीत भरले होते आणि रजिस्टरमध्ये ते दोनदा होते: १० तारखेला बँकेच्या फाइलमधून, १२ तारखेला कार्डाच्या फाइलमधून. व्यवहार एकच. बँकेच्या दृष्टीने पैसे १० ला गेले, कार्डाच्या दृष्टीने १२ ला पोचले, आणि दोन्ही फाइलींनी तो आपापल्या परीने सांगितला. दोन्ही वेळा समोरचे खाते बरोबर निवडलेले असल्यामुळे बँकेतून १२,००० दोनदा वजा झाले आणि कार्डाचे देणेही दोनदा फिटले. म्हणून कार्ड उणे. एक नोंद काढताच बँकेचा फरक १२,००० ने हलला आणि कार्डावर आपसूक ९,८६० देणे आले, बिलाशी तंतोतंत. चिन्हाचे प्रकरण तिथेच संपले.

इम्पोर्ट करताना ग्नूकॅश आलेल्या प्रत्येक ओळीसाठी खात्यात आधीपासून असलेली जवळच्या तारखेची, त्याच रकमेची नोंद शोधतो आणि ‘ही तीच असावी’ असे सुचवतो. बाईंनी त्या पडद्यावर काही सुटायला नको म्हणून सरसकट सगळ्या ओळींना ‘नवी’ अशी खूण केली होती. सीएसव्हीऐवजी ओएफएक्स स्वरूपाची फाइल मिळत असेल तर ती घ्यावी, असा सल्ला नेहमी दिला जातो. त्यात प्रत्येक व्यवहाराला संस्थेने दिलेला ओळख क्रमांक असतो आणि तीच फाइल पुन्हा आत घेतली तर नोंदी दुबार होत नाहीत. सल्ला योग्य आहे, पण इथे तो तारणारा नव्हता. बँकेचा क्रमांक वेगळा, कार्डाचा वेगळा. स्वतःच्याच दोन खात्यांमधली बदली असेल तिथे माणसाला डोळे उघडे ठेवावेच लागतात.

फेब्रुवारीच्या २,९०० चे निम्मे १,४५०. परत केलेल्या एका वस्तूचे तेवढेच पैसे बँकेत आले होते, आणि हाताने नोंद करताना ते खर्च म्हणून बँकेतून वजा झाले होते. विक्रेत्याचे नाव पाहून बोटे सवयीने डावीकडच्याऐवजी उजवीकडच्या रकान्यात गेली असणार. परतावा म्हणजे उत्पन्न नव्हे, ती खर्चातली घट: बँक नावे १,४५०, त्या वस्तूचे खर्च खाते जमा १,४५०. नोंद उलटवल्यावर बँक २,९०० ने सुधारली आणि खर्च खातेही तेवढ्यानेच उतरले.

मार्चचे १,८०० नऊने भागले जातात. दुरुस्तीचे ५,७४० भरले होते, पुस्तकात ७,५४०. त्या नोंदीवर फार वेळ गेला नाही.

९०,१५० मधून ३५,५०० गेले, १२,०००, २,९०० आणि १,८०० परत आले: ७१,३५०.

इम्बॅलन्स खाते आणि उणे पाकीट

बँक जुळली तरी इम्बॅलन्स खात्यातले ६,२४० जागच्या जागी होते. बाईंना याचे आश्चर्य वाटले, कारण सगळ्या घोटाळ्याचे मूळ ते खातेच आहे अशी त्यांची समजूत होती. तसे नसते. ग्नूकॅशला एकतर्फी नोंद ठेवता येत नाही. समोरचे खाते दिले नाही तर तो उरलेली बाजू इम्बॅलन्सला टाकून नोंद पुरी करतो. जुन्या पद्धतीत ज्याला उचंत खाते म्हणत त्याच जातीचे हे खाते. तिथे पडलेली रक्कम बँकेच्या बाजूने बरोबरच असते, फक्त ती कशासाठी हे सांगायचे राहिलेले असते. त्यामुळे इम्बॅलन्स शून्य असूनही बँक चुकू शकते, आणि बँक अचूक असूनही इम्बॅलन्स भरलेले असू शकते.

खाते उघडून पाहिले तर ६,२४० ही निव्वळ शिल्लक होती: नावे ९,७४०, जमा ३,५००. निव्वळ आकड्याची एकच नोंद करून ते रिकामे करणे म्हणजे दोन्ही बाजूंची माहिती फेकून देणे. ओळी एकेक पाहिल्या. नावे बाजूचे ६,००० म्हणजे ती एटीएमची रक्कम. हा खर्च नाही. पैसे बँकेतून पाकिटात गेले, एका मालमत्तेतून दुसरीत. समोरचे खाते रोख केले आणि लगेच रोख खात्याचे कोडे सुटले. आरंभी ३,०००, तीन महिन्यांत रोखीचा खर्च ७,२००, म्हणून उणे ४,२००. बँक खाते उणे होऊ शकते, पाकीट होत नाही. रोख खाते लाल दिसले की आत आलेली एखादी रक्कम नोंदवायची राहिली आहे किंवा खर्च दोनदा पडला आहे, हे न तपासता सांगता येते. दुरुस्तीनंतर १,८०० आले. नावे बाजूचे उरलेले ३,७४० किरकोळ खरेदीचे होते, ते त्या त्या खर्चाला गेले.

जमा बाजूचे ३,५०० जास्त विचार करायला लावणारे होते. बाईंनी मागच्या वर्षी बहिणीला उसने दिले होते, ते जानेवारीत परत आले. त्या ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकणार होत्या. पण आपलेच पैसे परत आले तर कमाई कसली? खरी उणीव आरंभीच्या शिलकांत होती: १ जानेवारीला त्यांचे बहिणीकडे ३,५०० येणे होते आणि ते मालमत्तेत मांडलेच नव्हते. ‘उसने दिलेले’ असे मालमत्ता खाते उघडले, आरंभीची शिल्लक भांडवलातून ३,५०० आणली आणि परतफेड त्या खात्याला जमा केली. ते खाते शून्य झाले, इम्बॅलन्सही.

जी चूक कुठेच दिसत नव्हती

बँक जुळली, कार्ड जुळले, उचंत रिकामे झाले. बाईंच्या लेखी काम संपले होते. तरी कर्ज खाते उघडून पाहिले. तिथे आरंभीचे २,४०,००० जसेच्या तसे होते, एकही नोंद नाही.

८,५०० चा हप्ता दर महिन्याला बँकेतून जात होता आणि ‘वाहन कर्ज हप्ता’ या खर्च खात्यात पडत होता. बँकेच्या नजरेतून यात काही चूक नाही. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची बेरीज, जुळते. इम्बॅलन्सला काही जात नाही. वर सांगितलेली एकही युक्ती ही चूक पकडत नाही, कारण रक्कम अचूक, बाजू अचूक, फक्त खाते चुकीच्या जातीचे. हिला सैद्धांतिक चूक म्हणतात आणि घरगुती पुस्तकांत ती मला सर्वांत जास्त आढळते.

हप्त्यात दोन गोष्टी असतात. व्याज हा खर्च, तो गेला. मुद्दल हा खर्च नव्हे. बँकेतले पैसे कमी झाले आणि तेवढेच देणे कमी झाले. व्याजदर वर्षाला १० टक्के होता, म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज २,४०,००० वर २,००० आणि मुद्दल ६,५००. तीन बाजूंची नोंद अशी:

बँक जमा ८,५००
वाहन कर्ज नावे ६,५००
कर्जावरील व्याज नावे २,०००

पुढच्या महिन्यात कर्ज २,३३,५०० वर आले, व्याज १,९४६. तिसऱ्या महिन्यात १,८९१. प्रत्येक हप्त्याची वाटणी वेगळी, म्हणून एकच नोंद डोळे मिटून नकलत जाता येत नाही. कर्जाच्या परतफेडीच्या तक्त्यातून आकडे घ्यावे लागतात. तिन्ही हप्ते फोडल्यावर व्याज ५,८३७, मुद्दल १९,६६३ आणि कर्जाची शिल्लक २,२०,३३७ झाली. तक्ताही तेच सांगत होता.

तोवर बाईंचा खर्च १९,६६३ ने फुगलेला दिसत होता आणि देणे तेवढ्यानेच जास्त. आता बँक, कार्ड आणि कर्ज या तिघांचीच गोळाबेरीज करून पाहा. दुरुस्तीआधी ती उणे १,४७,७१० होती, दुरुस्तीनंतर उणे १,५८,८४७. फरक ११,१३७. बँकेत १८,८०० ची, कार्डात १२,००० ची आणि कर्जात १९,६६३ ची चूक असताना निव्वळ मालमत्तेचा आकडा एवढासाच हलला, कारण कर्जाची चूक उलट्या दिशेची होती आणि तिने बाकीच्यांना झाकले. हिशेबशास्त्रात यांना भरपाई चुका म्हणतात.

इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये ही द्विनोंदी पद्धत छापून लोकांसमोर आणली तेव्हा आणि नंतर काही शतके वही हातानेच लिहिली जात होती. खतावणी करताना, म्हणजे नोंदी एकेका खात्यावर उतरवताना, एक बाजू राहून जाणे ही रोजची गोष्ट होती आणि तेरजेची बेरीज ती पकडायची. प्रोग्रॅममध्ये एक बाजू राहूच शकत नाही. त्यामुळे तेरीज नेहमीच जुळते आणि तिच्या जुळण्यातून काही कळत नाही. आता पुस्तक तपासायचे तर बाहेरच्या कागदाशी ताडून: बँकेचे स्टेटमेंट, कार्डाचे बिल, कर्जाचा तक्ता, पाकिटातली मोजलेली रोकड. ज्या खात्याला असा बाहेरचा कागद नाही त्या खात्याबद्दल खात्री बाळगता येत नाही, आणि सगळी खर्च खाती त्याच प्रकारची असतात.

मार्चअखेरची स्थिती

पाकीट मोजले तर १,६५० निघाले, पुस्तकात १,८००. बाई ते १५० शोधायला बसणार होत्या. नको म्हटले. तीन महिन्यांच्या सुट्या पैशांत एवढे सुटतेच, आणि त्यामागे लागलेला माणूस पुढच्या महिन्यात हिशेब लिहायचाच सोडतो. ‘हिशेब न लागलेली रोकड’ असे खर्च खाते उघडून १५० तिथे टाकले. मग १८,८०० च्या समायोजनाला विरोध का, असा प्रश्न त्यांनी रास्तच विचारला. रोकडीचा प्रत्येक व्यवहार लिहून ठेवणारा दुसरा कोणीच नसतो, म्हणून तिथे शोध कुठे तरी थांबवावा लागतो. बँकेकडे प्रत्येक ओळ लिहिलेली असते, तिथे एका पैशाचाही फरक शोधता येतो. शिवाय नवे खाते नाव घेऊन उघड्यावर उभे आहे. ते दर महिन्याला वाढू लागले तर दिसेल.

त्यानंतर बँक आणि कार्ड ही दोन्ही खाती महिन्याच्या क्रमाने रिकन्साइल केली: स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक द्यायची, जुळणाऱ्या ओळींवर खूण करायची आणि फरक शून्य आल्यावरच पुरे करायचे. आरंभीच्या शिलकेच्या ओळीवरही खूण करावी लागते. ती राहिली तर पहिल्याच महिन्यात फरक तेवढाच दिसतो आणि माणूस उगीच घाबरतो. रिकन्साइल झालेली नोंद पुढे कोणी बदलू लागले तर प्रोग्राम इशारा देतो. तो इशारा न वाचता पुढे गेले की पुढच्या रिकन्साइलची सुरुवातीची शिल्लकच बिघडते, आणि मग चूक चालू महिन्यात शोधून सापडत नाही.

एप्रिलसाठी बाईंनी पुन्हा इम्पोर्ट वापरायचे ठरवले. आधी बँकेची फाइल, १ एप्रिलपासूनचीच. ती रिकन्साइल झाल्यावर कार्डाची. कार्डाच्या फाइलमधली बिल भरल्याची ओळ ‘नवी’ करायची नाही, बँकेकडून आलेल्या नोंदीशी जोडायची. कर्जाचा हप्ता तीन बाजूंनी, तक्त्यातले आकडे घेऊन.

एप्रिलच्या बँक स्टेटमेंटशी पुस्तक पहिल्याच वेळी जुळले. कार्ड मात्र २३० ने चुकले. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी केलेली एक खरेदी बिलात मेमध्ये आली होती. ती चूक नव्हती, केवळ तारखेचे अंतर होते. पुस्तकातली तारीख तशीच ठेवली आणि खूण मेच्या रिकन्साइलमध्ये केली.